पेशींचा जॉब स्विच

आपल्याकडे त्वचेवर गप्पा निघाल्या की विषय दोनच. एक, टॅन कसा घालवायचा. दोन, सनस्क्रीन तीसचं घ्यायचं की पन्नासचं. गोव्याचा वीकेंड करून आलेल्या ग्रुपला हे दोन विषय सोमवारच्या लंचपर्यंत आरामात पुरतात. त्यात कुणी चुकून त्वचेच्या कॅन्सरचं नाव काढलंच, तर उत्तर ठरलेलं असतं. 'ते गोऱ्या लोकांना होतं यार, ऑस्ट्रेलियात वगैरे. आपण ब्राऊन. आपल्याला इनबिल्ट प्रोटेक्शन!'

यातलं अर्धं खरं आहे. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांना बऱ्यापैकी अडवतं, आणि मेलॅनोमा हा त्वचेचा सगळ्यात धोकादायक कॅन्सर भारतात कमीच आढळतो. उरलेलं अर्धं मात्र कुणी सांगत नाही, म्हणून आजचा कॉलम. थोडं बायॉलॉजी आहे. दहावीनंतर सायन्सला रामराम ठोकलेल्यांनी टेन्शन घेऊ नये, मीही मास कॉमवालीच आहे.

मावशीचा प्रश्न

माझी साताऱ्याची मावशी उन्हात भटकणाऱ्यांतली नाही. आयुष्यभर शाळेत शिकवलं, आता रिटायर. तिच्या डाव्या तळव्यावर टाचेजवळ एक काळा डाग आला. तळव्यावर, म्हणजे जिथे ऊन पोचतच नाही तिथे. घरचे म्हणाले, काटा मोडला असेल. जवळच्या डॉक्टरांनी कुरूप समजून मलम दिलं आणि चिकटवायची पट्टी दिली. आठ महिने गेले. डाग पसरला, मधूनमधून ओलसर व्हायला लागला. शेवटी पुण्याला आणून तुकडा तपासला. मेलॅनोमा.

तो भाग कापून काढला. पण तोवर जांघेत गाठ हाताला लागायला लागली होती. 'पायाला जखम असली की अवधाण येतंच,' आई म्हणाली. या वेळी ते अवधाण नव्हतं. टाचेतल्या पेशी तिथे जाऊन बसल्या होत्या.

हॉस्पिटलमधून परतताना गाडीत मावशी मला म्हणाली, 'अगं, सगळं कापलं ना त्यांनी? मग ही वर काय चालत गेली होय?'

मला हसू आलं नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग वाचायला लागले. आणि वाचता वाचता कळलं की मावशीचा शब्द अगदी नेमका होता. त्या पेशी खरंच सरपटत, वाट काढत जातात. कशा, ते सांगते.

सगळ्यांच्या टेबलावर तीच फाइल

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनएची तीच प्रत असते. साधारण ३ अब्ज अक्षरं आणि त्यात सुमारे २० हजार जनुकं, म्हणजे प्रोटीन बनवायच्या कृती. मग डोळ्याची पेशी डोळ्याची आणि यकृताची पेशी यकृताची का होते? कारण ऑफिसातल्या प्रत्येकाच्या टेबलावर कंपनीची तीच जाडजूड फाइल ठेवली आहे, पण अकाउंट्सवाला स्वतःचंच प्रकरण उघडतो आणि एचआरवाली तिचं. कुठलं पान उघडायचं, कुठलं मिटायचं, किती वेळा वाचायचं, हे ठरवणं म्हणजेच जनुकांचं नियंत्रण.

त्याची यंत्रणा भारी आहे. प्रत्येक जनुकाच्या शेजारी डीएनएचाच एक तुकडा स्विचसारखं काम करतो. काही स्विच तर जनुकापासून लांब कुठेतरी असतात. स्विचवर येऊन बसणारी खास प्रोटीन्स असतात, ती जनुक चालू किंवा बंद करतात. शिवाय डीएनए हा प्रोटीनच्या रिळांवर गुंडाळलेला दोरा असतो. रीळ घट्ट आवळलं की त्या भागातली पानं वाचताच येत नाहीत, सैल सोडलं की येतात. अक्षर एकही बदलत नाही, तरी पेशीचा स्वभाव बदलतो.

ही शेवटची ओळ लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

तिळाचं कोडं

कॅन्सर म्हणजे डीएनएमधल्या चुका, हे आपण ऐकलेलं असतं. बरोबरच आहे. २००२ मध्ये इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूटच्या टीमने मेलॅनोमामधली एक मोठी चूक शोधली. बीरॅफ नावाच्या जनुकात एकच अक्षर बदलतं, प्रोटीनच्या ६००व्या जागेवर भलताच घटक येऊन बसतो, आणि 'वाढा, वाढा' हा निरोप अडकलेल्या हॉर्नसारखा वाजतच राहतो. आज आपल्याला माहीत आहे की त्वचेच्या जवळपास निम्म्या मेलॅनोमांमध्ये बीरॅफ बिघडलेलं असतं.

झालं तर मग, गुन्हेगार सापडला! पण थांबा. दुसऱ्याच वर्षी, २००३ मध्ये, संशोधकांनी साधे तीळ तपासले. तेच ते, गालावर असले की ज्यांना आपण ब्यूटी स्पॉट म्हणतो. तपासलेल्या तिळांपैकी ८२ टक्क्यांत बीरॅफमधला बिघाड हजर!

म्हणजे चूक आहे, पण कॅन्सर नाही. तीळ थोडा वाढतो, थांबतो आणि जन्मभर गपगुमान बसून राहतो. मग एखाद्याच तिळाचं, एखाद्याच पेशीचं बिनसतं कुठे?

हिरवा ठिपका

याचं एक देखणं उत्तर २०१६ मध्ये बॉस्टनहून आलं. बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड झॉन यांची लॅब आहे. तिथे चार्ल्स कॉफमन आणि सहकाऱ्यांनी काम केलं ते झेब्राफिशवर. हा बोटाच्या पेराएवढा पट्टेवाला मासा मूळचा आपल्याच उपखंडातला आहे, आता जगभरच्या लॅबमध्ये पोहतो. या माशांच्या रंगपेशींत त्यांनी माणसाचं बिघडलेलं बीरॅफ घातलं होतं आणि पी५३ नावाचं राखणदार जनुक काढून घेतलं होतं. म्हणजे प्रत्येक रंगपेशी गुन्हा करायला तयार. तरी एका माशाला गाठी येतात त्या एक-दोन-तीनच.

आता जरा मागे जाऊ, अगदी गर्भापर्यंत. आपल्या रंगपेशी त्वचेत जन्मत नाहीत. गर्भाच्या पाठीच्या कण्याजवळ पेशींचा एक पट्टा असतो, न्यूरल क्रेस्ट. तिथून पेशी निघतात आणि अंगभर चालत जाऊन त्वचेत मुक्काम ठोकतात. पोचल्यावर प्रवासाची पानं मिटतात आणि रंग बनवायची पानं उघडतात. म्हणजे आपली प्रत्येक रंगपेशी ही मुळात एक रिटायर झालेली प्रवासी आहे.

माशांमध्ये क्रेस्टिन नावाचं एक जनुक फक्त त्या प्रवासाच्या काळात चालू असतं, नंतर बंद होतं. कॉफमन यांच्या टीमने अशी सोय केली की हे जनुक पुन्हा चालू झालं, तर ती पेशी हिरवी चमकेल. मग माशांवर नजर ठेवून बसले. आणि एके दिवशी एका माशाच्या अंगावर एकच पेशी हिरवी झाली. एकच! पुढे त्याच ठिपक्याची गाठ झाली. शेजारच्या पेशींतही तीच चूक होती, पण त्यांची जुनी पानं मिटलेली होती. या पेशीने गर्भातलं प्रकरण पुन्हा उघडलं होतं. सॉक्स-१० नावाचं प्रोटीन त्या जुन्या स्विचवर बसतं, आणि ते मुद्दाम वाढवलं तर माशांमध्ये कॅन्सर आणखी लवकर येतो, हेही त्यांनी दाखवलं.

कधी कधी तर स्विचमध्येच चूक होते. २०१३ मध्ये दोन वेगवेगळ्या टीम्सनी एकाच वेळी दाखवलं की बऱ्याच मेलॅनोमांमध्ये टर्ट या जनुकाच्या शेजारचा स्विच बदललेला असतो. हे जनुक पेशीला न थकता विभागत राहायला मदत करतं. जनुक जसंच्या तसं, फक्त त्याचं बटण बिघडलेलं.

वाढा, किंवा निघा

आता मावशीच्या प्रश्नाकडे. पेशी टाचेतून जांघेत गेली कशी?

रंगपेशीचा एक बॉस असतो, त्याचं नाव एमआयटीएफ. (विज्ञानवाल्यांना चांगली नावं का सुचत नाहीत, देव जाणे.) हे प्रोटीन रंग बनवणारी बरीचशी जनुकं चालू करतं. गोरं व्हायच्या क्रीमवर आपण जो खर्च करतो ना, तो सगळा या साहेबांच्या खात्यावर. पण मेलॅनोमात त्याचा रोल बदलतो. पेशीत एमआयटीएफ बऱ्यापैकी असेल तर ती भराभर विभागते, पण जागेवरच राहते. खूप कमी झालं तर विभागणी मंदावते, पेशी लांबट होते, शेजाऱ्यांचा हात सोडते आणि सरपटायला लागते.

म्हणजे वाढणाऱ्या पेशी आणि पसरणाऱ्या पेशी असे दोन वेगळे कंपू असतात का? झुरिकमध्ये कीथ हूक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेमकं हेच तपासलं. माणसाच्या मेलॅनोमातल्या दोन्ही स्वभावांच्या पेशी त्यांनी वेगवेगळ्या उंदरांना टोचल्या. वाढणाऱ्यांच्या गाठी लवकर झाल्या, सरपटणाऱ्यांना बराच जास्त वेळ लागला. पण गाठी कापून पाहिल्या तर दोन्हींत फरक उरला नव्हता. दोन्हींत दोन्ही स्वभावांच्या पेशी! वाढणाऱ्या सरपटणाऱ्या झाल्या होत्या आणि सरपटणाऱ्या पुन्हा वाढायला लागल्या होत्या.

थोडक्यात, जॉब स्विच. तोच माणूस, तीच डिग्री, प्रोफाइल मात्र बदललेलं. आणि माणूस कंपनी कधी सोडतो? पगार अडकला की, दम कोंडला की. पेशींचंही तसंच. गाठ मोठी झाली की आतल्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही, खायला पुरत नाही, आजूबाजूला सूज येते. या ताणाने एमआयटीएफ खाली येतं, प्रवासाची जुनी पानं उघडतात आणि पेशी निघते. रसवाहिनीत शिरते, लिंफच्या गाठीत पोचते. तिथे बरं वाटलं की पुन्हा वाढायच्या प्रोफाइलवर येते आणि संसार थाटते. प्रत्यक्षात या दोन टोकांच्या मधेही बऱ्याच अवस्था असतात, पण मुख्य फंडा हाच.

मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'म्हणजे तिला आधीच जायचं माहीत होतं.' वर्गात शेवटच्या बाकावरच्यालाही समजेल असं बोलायची तिची सवय काही गेलेली नाही. हो, मावशी. तिला आधीच माहीत होतं. पसरण्यासाठी पेशीला दर वेळी नवी चूक करावी लागत नाही, जुनी आठवण जागी झाली तरी पुरतं.

औषधाला गुंगारा

हे सगळं लॅबपुरतं असतं तर कॉलम इथेच संपला असता. पण औषधांचं गणितही याच स्विचवर अडतं. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत वेमुराफेनिब या गोळीला परवानगी मिळाली. ती बिघडलेल्या बीरॅफवर नेम धरते. काही पेशंट्सच्या गाठी काही आठवड्यांत वितळल्यासारख्या गेल्या. सगळे खूश. आणि मग, बहुतेकांच्या बाबतीत, काही महिन्यांत कॅन्सर परत.

का? एक उत्तर अर्थातच नव्या चुका हे आहे. दुसरं उत्तर २०१६ च्या आणखी एका अभ्यासात दिसलं. बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या टीमने १९ पेशंट्सच्या गाठींतल्या ४,६४५ पेशी एकेक सुटी करून वाचल्या, कुणाची कुठली पानं उघडी आहेत ते पाहिलं. एकाच गाठीत एमआयटीएफवाल्या पेशी होत्या आणि एमआयटीएफ कमी, एएक्सएल नावाचं जनुक जास्त असलेल्याही होत्या. हा दुसरा गट गोळीला सहज दाद देत नाही. गोळी वाढणाऱ्यांना मारते, हे कोपऱ्यात दबा धरून बसतात आणि वादळ गेलं की कामाला लागतात.

म्हणून आता एकाच औषधावर भिस्त ठेवत नाहीत. बीरॅफ आणि त्याच्या पुढची कडी मेक, या दोन्हींना अडवणाऱ्या गोळ्या एकत्र देतात. शरीराच्या स्वतःच्या सैन्याला जागं करणारी इम्युनोथेरपी देतात. आणि थेट रिळांवर, म्हणजे पानं मिटणाऱ्या यंत्रणेवर नेम धरता येईल का, हेही तपासलं जातंय. २०१५ मध्ये झुरिकच्या टीमने उंदरांमध्ये ईझेडएच२ हे रिळं आवळणारं प्रोटीन अडवलं, तर मेलॅनोमाची वाढ थांबली आणि पसरणं जवळपास बंद झालं. उंदीर तो उंदीर, हे मान्य. पण दिशा कळते. जे स्विचने चालू होतं, ते स्विचने बंदही होऊ शकतं.

'माझ्या जीन्समध्येच आहे' असं म्हणून खांदे उडवणाऱ्या मित्रमंडळींनी हे जरूर वाचावं. जीन्स म्हणजे दगडावरची रेघ नाही.

तळव्याचा पत्ता

आता ते उरलेलं अर्धं, सुरुवातीला म्हटलं होतं ते. मेलॅनोमाचा एक प्रकार तळपाय, तळहात आणि नखाखाली होतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही आणि त्वचा सावळी असली म्हणून तो टळत नाही. आपल्याकडे मेलॅनोमा कमी, पण होतो तेव्हा त्यात या प्रकाराचा वाटा मोठा असतो.

सगळ्यात प्रसिद्ध पेशंट तुमच्या टी-शर्टवर आहे. बॉब मार्ली! १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा निघाला. आधी ती फुटबॉलची दुखापत वाटली होती. कॅन्सर पुढे मेंदूपर्यंत पसरला आणि ११ मे १९८१ रोजी मायामीत तो गेला. वय ३६.

तळव्याचा मेलॅनोमा वेगळा का वागतो, याचा एक धागा २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या रिचर्ड व्हाइट यांच्या टीमने सोडवला. पुन्हा तोच मासा. माशांचे पर म्हणजे आपल्या हातापायांचे चुलत भाऊ. या टीमने दाखवलं की सीआरकेएल हे जनुक जास्त झालं तर गाठी मुख्यतः परांमध्ये येतात, अंगावर नाही. कारण परांतल्या पेशींमध्ये होक्स-१३ गटातली जनुकं चालू असतात. 'तू टोकावर आहेस' हा पत्ता गर्भात एकदा लिहिला जातो आणि पेशी तो विसरत नाही. चूक तीच, पण पत्ता बदलला की परिणाम बदलतो.

मग आपण काय करायचं?

स्विच आपल्या हातात नाही, वेळ मात्र आहे. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन डॉक्टरने १९७० मध्ये दाखवलं की मेलॅनोमाचं भवितव्य त्याच्या जाडीवरून ओळखता येतं. आजही डॉक्टर ती मिलिमीटरमध्ये मोजतात. १ मिलिमीटरपेक्षा पातळ असताना काढला, तर बहुतेक लोक बरे होतात. पेशींना निघायची घाई होण्याआधीच गाठायचं, एवढाच खेळ.

तेव्हा महिन्यातून एकदा, पेडिक्युअर करताना किंवा जिमनंतर शॉवर घेताना, एवढं बघा:

• तळव्यावर, तळहातावर किंवा बोटांच्या बेचक्यात नवा काळा-तपकिरी डाग आलाय का? असलेला पसरतोय का, कडा वेड्यावाकड्या होतायत का, एकाच डागात दोन-तीन रंग दिसतात का?

• नखावर काळी उभी रेघ आहे का? आपल्यासारख्या त्वचेत अनेक नखांवर अशा रेघा निरुपद्रवी असू शकतात. पण एकाच नखावर नवी आली, रुंद होत चालली किंवा रंग नखाच्या कडेच्या कातडीवर उतरला, तर दाखवा.

• 'कुरूप', 'चामखीळ' किंवा 'जखम' म्हणून उपचार चाललेत आणि दोन महिने होऊनही बरं होत नाही, मधूनच रक्त येतं? मग मलम बदलू नका, डॉक्टर बदला. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि 'तुकडा तपासायचा का?' हे स्वतःहून विचारा.

• घरी ब्लेडने कापणं, जाळणं, ॲसिड लावणं अजिबात नको.

आणि फक्त स्वतःचेच पाय बघू नका. आईबाबा वाकून आपले तळवे कधी बघत नाहीत. चष्मा असतो, गुडघे दुखत असतात, आणि 'एवढ्याशा डागासाठी कशाला डॉक्टर' हे वाक्य तर तोंडपाठ असतं. माझी मावशी आता दर तीन महिन्यांनी तपासणीला पुण्याला येते. सध्या रिपोर्ट्स बरे आहेत, पण प्रत्येक वेळी पाकीट उघडेपर्यंत गाडीत कुणी बोलत नाही.

या वीकेंडला घरी जाल तेव्हा आईला जरा पाय वर घेऊन बसायला सांगा. ती म्हणेल, 'काय चाललंय तुझं, पाया पडायचं ते वाकून पड!' पडा की. आणि त्याच वेळी तळवे बघून घ्या.